यमू जेवली

तारापूर, मंगळवार, १९६४

आज यमू जेवली. हुश्श.

मला सातवा महिना लागला, म्हणून सुईणीने तिचं अंगावरचं दूध तोडायला सांगितलं. मी छातीला कोरफड चोळली. पुस्तकात हळूहळू सोडवा असं वाचलं होतं, का नाही ऐकलं? दीड वर्षाची पोर. एकदा तोंड लावून थुंकली आणि आपल्या झबल्याने माझी छाती पुसू लागली. मला काही लागलंय असं वाटलं तिला? ते पुसणं डोळ्यांपुढून जात नाही. मग दोन दिवस भाताला शिवली नाही. हे समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत, त्याला पाच महिने झाले, आता हीसुद्धा... नको.

संध्याकाळी सासूबाईंनी तिला मांडीवर ओढलं. "तू भायेर जा गो. तुला बघते नि रडते ती." मी दाराआड उभी राहिले. त्यांनी भाजलेला सुका बोंबील भातात कुस्करून पहिला घास स्वतःच खाल्ला. "यमीला नाय द्यायचा हां!" यमूने त्यांच्या हातावर झडप घातली.

"बघ गो, आजीचा घास चोरते!"

नंतर मी जेवायला बसले तशी यमू धावत आली. पदराला हात लावला नाही. माझ्या ताटातला बोंबील तेवढा उचलला.