गाडी ओढत नाही

२९ जून, रविवार

टोटोने ओव्हरटेक केलं. बॅटरीवरच्या रिक्षाने! राजघाटच्या पुलावर, चढाला. मागे बाबा, त्यांच्या मांडीवर पूजेची पिशवी. रामनगरच्या यजमानांकडे सत्यनारायण होता. मी मूठ पिळतेय, इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी पुढे सरकायला तयार नाही. टोटोतल्या बायका वळून वळून बघत होत्या. बाबा एवढंच म्हणाले, "सावकाश, मालू. सत्यनारायण कुठे पळून जात नाही."

पण मला पळायचं होतं ना.

१ जुलै, मंगळवार

बँकेतून सुटले ती थेट मैदागिनला, विश्वजीत मिस्त्रीकडे. माझी जुनी दीडशे सीसी पहिल्यापासून तोच बघतो. सगळं ऐकून हात पुसत म्हणाला, "दीदी, एक सौ अस्सी करा लीजिए। बोर-किट डाल देंगे। उड़ेगी।" म्हणजे सिलिंडर मोठा, पिस्टन मोठा, ताकद जास्त. मग बाकीचंही सांगितलं — इंजिन तापेल, पेट्रोल पिईल, ब्रेक बदलावे लागतील, गाडीच्या कागदांवर नोंद करून घ्यावी लागेल. मी हं, हं करत होते. ऐकत कुठे होते? डोळ्यांपुढे रिकामा हायवे होता.

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिते. मला ती ताकद कशासाठीही नको आहे. नुसती हवी आहे. एकतीस वर्षांची मी, दिवसभर काउंटरमागे बसून लोकांच्या सह्या जुळवते, आणि घरी यायचं तर दुर्गाघाटच्या गल्लीत सांडामागून पहिल्या गिअरमध्ये. एकदा तरी मूठ पिळावी आणि गाडीने म्हणावं, चल!

२ जुलै

बाबांना विचारलं. त्यांनी पंचांग उघडलं. "आज दुपारनंतर भद्रा." परवा? "परवाचं परवा बघू." मग शनिवारी? "लोखंडाला शनिवार नको." अख्ख्या घाटाची लग्नं-मुंजी लावणारा माणूस, आणि त्याला एका पिस्टनला मुहूर्त सापडेना! म्हणजे मनातच नाही. शेवटी बोलले, "चालत्या यंत्राचं पोट कशाला फाडायचं?"

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "चालतंय कुठे? तुम्ही मागे बसलात की ओढत नाही. तुमचं ओझं झेपत नाही तिला."

आई पोळ्या लाटत होती, ती थांबली. बाबा "बरं" म्हणाले आणि पंचांग मिटलं.

बरोब्बर लागू पडलं. आता नाही म्हणणार नाहीत.

६ जुलै, आषाढी एकादशी

बाबांनी चातुर्मासाचं एकभुक्त धरलंय. उद्यापासून दिवसातून एकदाच जेवण, रात्री फक्त पाणी. डॉक्टरांनी सात वर्षांपूर्वीच उपास बंद केलेत, साखरेच्या गोळ्या चालू आहेत. मी बोलायला गेले तर आई म्हणाली, "संकल्प सोडून झालाय. आता त्यांना काही बोलू नकोस."

या वयात हे काय खूळ!

९ जुलै

यजमानांकडे बाबांनी लाडू नाकारला. बाबांनी! तिथल्या काकू आमच्या घरी येऊन विचारून गेल्या, तब्येत बरी आहे ना.

१२ जुलै, शनिवार

बाबा स्नानाला गेले आणि घाटाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन बसले. एका नाववाल्या मल्लाहाने धरून वर आणलं. अंग घामाने भिजलेलं, ओठ पांढरे. साखर खाली गेली होती. आईने तोंडात गूळ घातला तर व्रत मोडेल म्हणून काढून टाकायला निघाले. "औषध आहे, औषधाने मोडत नाही," आई ओरडली, तेव्हा गिळला. मी त्यांचा हात धरून बसले होते. फार घाबरले.

तरी म्हणतात, व्रत चालूच राहणार.

१३ जुलै, रविवार

गाडी विश्वजीतकडे दिली होती. गेले तर म्हणाला, "बोर रहने दीजिए, पहिले ई देखिए।" हातात क्लचप्लेटा. काळ्या ठिक्कर, जळलेल्या. "गली में आधा क्लच दबा के चलाती हैं न?" चालवते. रोज. सांड, यात्रेकरू, हातगाड्या, दुसरं काय करणार? त्यानेच जळल्या. म्हणून इंजिन ओरडायचं आणि चाकाला जोर पोचायचा नाही. माझ्याच डाव्या हाताची करणी. वजनाचा काडीचा संबंध नाही.

मग तो हसत म्हणाला, "पंडितजी आए थे, एकादशी से पहिले। पूछ रहे थे, कितना किलो घटा लें तो इंजन न खोलना पड़े। हम मज़ाक में बोल दिए, दस।"

दुखऱ्या गुडघ्यांनी बाबा मैदागिनपर्यंत चालत गेले होते.

घरी येऊन आईला विचारलं, बाबांनी संकल्प काय सोडला? हातावर पाणी तिनेच घातलं होतं. जरा घुटमळली, मग म्हणाली, "कन्यावाहनभारनिवारणार्थं." लेकीच्या गाडीवरचा भार उतरावा म्हणून.

तू मला आधी सांगितलं का नाहीस, विचारलं तर म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती. आणि तू तरी बापाला ओझं म्हणालीसच ना?"

बाबा एरवी माणसांशी गोड खोटं बोलतील. हातात पाणी घेऊन नाही. मी मात्र खरं फक्त या वहीला सांगितलं. लाज वाटते मला.

१४ जुलै

सांगितलं सगळं. प्लेटांचं, माझ्या हाताचं. आणि हेही, की बोर मला माझ्यासाठी हवा होता, तुमचं नाव उगाच पुढे केलं.

बाबा म्हणाले, "म्हणजे भार नव्हताच."

"नव्हता, बाबा."

"मग तो निवारला, असं म्हणता येईल. संकल्प पुरा झाला." आईला हाक मारली, पान वाढ म्हणाले. रात्री वरणभात खाल्ला, दोनदा वाढून घेऊन. हात धुताना हळूच म्हणाले, "ओझं हा शब्द मात्र लागला हो."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी थोपटलं.

१६ जुलै

नव्या प्लेटा. बाबा मागे, पिशवी मांडीवर. पूल चढली, टोटो मागे पडला. म्हणजे आता गरज उरली नाही.

हौस आहे तशीच आहे. तरी विश्वजीतला बोर नको म्हणून कळवणार.

१७ जुलै, गुरुवार

सकाळी बाबांनी देवघरात बोलावलं. पंचांग उघडं होतं. "नऊ वाजून अठ्ठावीस. इंजिन उघडायला मुहूर्त चांगला आहे." माझ्या हातावर पळीभर पाणी घातलं. "कोणासाठी, ते तू म्हण. मराठीत चालेल."

पाणी बोटांमधून गळायला लागलं. "माझ्यासाठी," मी म्हटलं.

"तथास्तु," बाबा म्हणाले. "गाडी झाली की पहिल्यांदा मला नेऊ नकोस. एकटी जा."