बांधावरची तूर

बदनापूर, ३ नोव्हेंबर २०२४

चि. पायल हिला आजोबाचा जय भीम आणि भरभरून आशीर्वाद.

फोनवर मला बराबर ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. वेळेवर जेवतेस ना? तुझा बाप वसंता रविवारी बांध साफ करून पाइप टाकणार आहे. बांधावरची तूर साधी नाही, हे मी घरात कधी बोललो नाही. संशोधन केंद्रावर गडी होतो, तेव्हा फुलाआधी भेसळीची झाडं उपटणं हेच माझं काम. रानतुरीशी संकर केलेल्या वाफ्यात एक वाकडं रोप निघालं. उपटायला वाकलो, तर तिथंच रोजानं येणाऱ्या तुझ्या आजीनं, केशरनं, मनगट धरलं. म्हणाली, न्हाई उपटायचं, ह्याचं काय चुकलं? पदरात घालून तिनं ते बांधावर लावलं.

तीस वर्षं ते आपलंच बी पाडून उगवतंय. शेतातली तूर दिवाळीत फुलते, ही भादव्यातच. ही अजून तूरच असेल, तर शेजारच्या पुंजारामच्या बियाण्यात इतकी वर्षं माझी भेसळ गेली. मंग उपटलीच पाहिजे. वेगळी झाली असेल, तर राहू दे. केशर गेल्यापासून मी उपटलेली सगळी झाडं समोर येऊन उभी राहतात, मुळं वर करून. तू शेतकीचं शिकतेस, जल्दी कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आजोबा,
भिवा

परभणी, ७ नोव्हेंबर

ती. आजोबांना जय भीम.

जेवते. बाबांना थांबवलंय, म्हणाले, म्हाताऱ्याला आता तुरीचंही टेन्शन. नुसतं बघून प्रजाती ठरत नाही. फुलायची वेळ चुकत गेली की शेजारी राहूनही झाडं परकी होतात. पण नेमकी कधी झाली म्हणायचं, यावर आमच्या मॅडमही भांडतात. तुम्हीच करून बघा: शेतातल्या तुरीच्या कळीतले तिचे पुंकेसर आधी काढा, मग बांधावरच्या शेवटच्या फुलांचे पराग लावा, दोरा बांधा. बी धरलं नाही, तर वेगळी. चष्मा लावा. रागवा, पण आठवण ठेवा.

तुमची पायल

बदनापूर, ३० जानेवारी २०२५

चि. पायल हिला जय भीम, आशीर्वाद.

केशरच्या लुगड्याच्या काठाचे वीस हिरवे दोरे बांधले. एकोणीस फुलं गळाली. वसंता म्हणाला, वेगळीच आहे, राहू द्या. पाइप दुसरीकडून नेला. पुंजारामलाही तसंच सांगून आलो.

विसाव्या दोऱ्याला शेंग होती. आत एकच सुरकुतलेलं बी. ते कुणाला दाखवलं नाही, डब्यात लावलं. उगवलं. ते इकडचं न्हाई, तिकडचंही न्हाई. फुलाआधी उपटणं माझं काम. रोज सकाळी वाकतो, आणि मनगटावर पकड बसते, बांगड्यांच्या आवाजासकट. मी मागं बघत नाही.

सुट्टीत ये. आम्हा दोघांवर जीव असू दे.

भिवा