अण्णांची खोली आनंदाने आवरणे

३ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसात ट्रेनिंग. विषय माइंडसेट. ट्रेनरबाईंचं म्हणणं एवढंच, की ‘करावं लागतंय’ म्हणू नका, ‘करायला मिळतंय’ म्हणा. मग कुठलंही काम गोड लागतं. इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं कसं नाही? संकल्प: अण्णांची खोली रविवारपर्यंत रिकामी. वडिलांना जाऊन दोन महिने झाले. कन्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या ऐकत अभ्यास करते आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आलीये. तिला खोली हवी. मला खोली आवरायला मिळतेय. नुसतं लिहूनही छान वाटलं.

४ फेब्रुवारी
वॉर्म-अप म्हणून आधी भांडी घासायला मिळाली. मग मोज्यांच्या जोड्या लावायला मिळाल्या. तीन मोजे एकटे निघाले. बायको खूश. खोलीचं उद्या.

६ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
खोलीच्या दारापर्यंत गेलो. आतून टकटक. तीनदा. अण्णा चष्म्याच्या डबीने भिंतीवर वाजवायचे, अगदी तशी. पाइप असणार. फ्रीज पुसला. आतूनसुद्धा.

७ फेब्रुवारी
प्लंबर आला. भिंतीला कान लावला, मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं. म्हणाला, या भिंतीत पाइपच नाही. हल्लीच्या प्लंबरांना काही येत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
बायकोचं म्हणणं, घरातला नळन् नळ चकाकतोय, पंखे पुसून झाले, ती एक खोली सोडून मी सगळं करतो. मी शांतपणे समजावलं, की आनंदाची सवय हळूहळू लागते. ती म्हणाली, परीक्षा हळूहळू येत नाही. जेवताना दोनदा टकटक. बाकी कुणी मान वर केली नाही.

१२ फेब्रुवारी
हे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. शेवटच्या सकाळी अण्णांनी वाजवलं. मी ‘आलो, आलो’ म्हणालो आणि सुडोकू सोडवत राहिलो. दोनच चौकोन उरले होते. थोड्या वेळाने टकटक थांबली. बरं झालं, असं वाटलं. हो, असंच वाटलं. दुपारी बायको ताट घेऊन गेली, तेव्हा सगळं संपलं होतं. खोली माझ्या खुर्चीपासून पाच पावलांवर आहे.
असो. खचायचं नाही. भीतीबिती काही नाही, मला धूळ सोसत नाही इतकंच. उद्या नक्की.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सकाळपासून टकटक थांबेना. शेवटी दार उघडलं. ‘आलो अण्णा’ असं म्हणालोसुद्धा.
आत कन्या. पलंगावर पुस्तकं, अण्णांचे कपडे घड्या घालून खोक्यांत. सोमवारपासून इथेच बसते म्हणाली. मी नळ घासण्यात रमलो होतो, म्हणून तिने विचारलं नाही. मला राहवलं नाही, त्या सकाळचं सगळं सांगून टाकलं. सुडोकूसकट. तिने पेन खाली ठेवलं.
“मी गेले होते ना, बाबा. शाळेत जायच्या आधी. पाणी दिलं, पाय चेपले, मग झोपले ते. म्हणून थांबलं वाजायचं.”
हायसं वाटलं. खूप. मग मी म्हणालो, पण हाक तर मला मारली होती.
“तुला नाही. तू येत नाहीस म्हणून त्यांनी तुला बोलावणं केव्हाच सोडलं होतं. मलाच वाजवायचे.”
रोज कंटाळा नाही यायचा का, असं विचारलं. कशाचा, म्हणाली.

१६ फेब्रुवारी, रविवार
आज टकटक नाही. दुपारपर्यंत भिंतीपाशी खुर्ची टाकून बसलो. शेवटी कन्येने दार उघडून विचारलं, “काही काम होतं का माझ्याकडे?” नाही म्हणालो. खरंच नव्हतं.