मुराळी

टेंभुर्णीपुढचा माळ,
१४ मार्च १९५७, दुपारी दोन. फाटक्या टायरात कडबा भरून बसलो आहे.

तीर्थरूप आबांना गेनबाचा दंडवत.

उद्धवरावांची फटफटी मागून घेतली आणि तुमच्या सुनेला मागे बसवून न विचारता निघालो. तिची आई बार्शीला शेवटच्या घटका मोजते आहे आणि तुम्ही म्हणालात, "मुराळी न्यायला आल्याबिगर सून धाडायची न्हाई." तिला मुराळी म्हणून न्यायला येईल असा भाऊ नाही, हे लग्नातच माहीत होते.

आम्ही सुखरूप आहोत. आईचे गुडघे कसे आहेत?

माळावर सावलीला झाड नाही. ही सारखी विचारते, "माझी आई थांबंल ना व्हो?" मी कडबा कोंबत राहिलो.

सासूबाई भेटल्या तर आपणहून परत येऊ. नाही भेटल्या, तर सुनेला न्यायला तुम्हीच मुराळी होऊन बार्शीला या. ती येईलच असे नाही.

गेनबा