उपासाची ओळ

पेण,
११ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

लतिकावहिनीने रोह्याहून पाठवलेल्या करंज्या पोचल्या. छान झाल्या होत्या. आईला एक दुधात कुस्करून भरवली, त्यातली निम्मी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर आली. व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीवाली भूमिका रोज येते, पण मूठ अजून उघडत नाही. बोलण्याचं म्हणशील तर तुझं नाव, 'अंबू', एवढंच येतं. दिवसभर मी समोर असते आणि ती अंबू म्हणते.

रक्तदाबाच्या पेशंटसाठीच्या तुझ्या पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीचं प्रूफ मिळालं. 'भाषा तेवढी बघून दे' अशी चिठ्ठी होती. बघितली. 'रक्तदाबाची गोळी दररोज जेवणानंतर नियमित घ्यावी.' खोट काढायला जागाच नाही.

पहिल्या वेळी माझ्या मसुद्यात याखाली आणखी थोडं होतं, आठवतं? छापण्याआधी मी पत्रक इथल्या बायकांना वाचून दाखवते, याची तुला नेहमी गंमत वाटते. तेव्हा खाडीकडच्या बायजाबाईने विचारलं होतं, "मंग उपासाच्या दिसी काय करावचा गो बाय? त्या दिसी जेवान नाय." तिथे बसलेल्या सगळ्याच बायका उपासाला गोळी सोडत होत्या. म्हणून मी लिहिलं, 'उपास असला तरी गोळी चुकवू नका. पाण्याबरोबर घ्या. गोळीने उपास मोडत नाही.' तू त्यावर लाल रेघ मारलीस आणि शेजारी लिहिलंस, 'हे वैद्यकीय पत्रक आहे, व्रतकथा नव्हे.' खरं सांगते, तेव्हा मला हसूसुद्धा आलं होतं.

आता नवरात्राचं. आईला दवाखान्यात ठेवलं त्या दिवशी तू विचारलंस, मी घरात असून तिच्या गोळ्या बंद झालेल्या मला कळल्या कशा नाहीत. मग तू तेच मावशीला सांगितलंस आणि मावशीने पेणभर केलं. बाजारात बायका आईची तब्येत विचारतात आणि उत्तर ऐकायच्या ऐवजी माझं तोंड न्याहाळतात.

दादा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

घटस्थापनेला आईचा फराळ झाला तशी मी तिच्यापुढे गोळी धरली. तिने भिंतीवरच्या तुझ्या पत्रकाकडे बोट दाखवलं. त्यावर तुझं नाव छापलंय म्हणून तिने ते देवाच्या तसबिरीशेजारी चिकटवलंय. जेवण नाही तर गोळी नाही, असं तिचं सरळ गणित. मी म्हटलं, अगं, त्याखाली उपासाची ओळ होती, दादाने काढली.

"अंबूने काढली ना? मग ती चुकीचीच असणार," आई म्हणाली.

तू डॉक्टर, मी आपली भाषावाली. रागावून झालं, हातापाया पडून झालं. शेवटी तुला फोन केला. तुझ्याकडे पेशंटची गर्दी होती, कशाबद्दल ते ऐकून घ्यायलाही वेळ नव्हता. संध्याकाळी तिच्याशी बोलतो म्हणालास. मीही तिला तसं सांगून ठेवलं. त्या संध्याकाळी आणि पुढच्या प्रत्येक संध्याकाळी ती फोन मांडीवर घेऊन बसायची. अष्टमीला आरती म्हणता म्हणता कलंडली.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुझी अब्रू राखायला नव्हे. आईला बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येतं, आणि तिच्यापाशी आता तुझ्याबद्दलच्या अभिमानाखेरीज फारसं काही उरलेलं नाही. ते मी तिच्याकडून घेणार नाही. पण तुझी चीड येते. भरवताना येते, तिचं अंथरूण बदलताना येते, तू फोनवर 'काळजी घे' म्हणतोस तेव्हा सगळ्यात जास्त येते.

प्रूफ सोबत परत पाठवतेय. ती ओळ मी पुन्हा लिहिली आहे, या वेळी लाल शाईने. ठेवणार नसशील, तर खाली 'भाषासाहाय्य' म्हणून माझं नाव आहे ते काढून टाक. ठेवलीस, तर वर तुझं नाव ठळक राहू दे. लोक त्याच नावाचं ऐकतात, हे मी घरातच पाहिलंय.

उत्तर पाठवू नकोस. छापून आल्यावर एक प्रत तेवढी पाठव. आईला वाचून दाखवायची आहे. तू लिहिलंयस म्हटल्यावर तिला आता ते पटेल.

तुझी भाषा तेवढी बघून देणारी,
हेमांगी