हीराकुमारी निनीचं चाक

भक्तपूर, २ मंसिर, वि. सं. २०५३

चि. रोशना हिला आशीर्वाद, रागासकट.

दिल्लीच्या विद्यापीठात तू आशियातल्या संस्कृती शिकायला गेलीस. एवढा मोठा आशिया सोडून तुला आपलंच घर सापडलं? तुझा लेख इथल्या वर्तमानपत्राने छापलाय. बा दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते, तेव्हा दार लावून निनीने, आपल्या आत्याने, कुंभाराचं चाक चालवलं, हे तू जगाला सांगितलंस. नावाऐवजी म्हणे ‘ही. कु.’! अगं, आपल्या गल्लीत ही. कु. दुसरी आहे कोण?

बाईने चाकाला हात लावला म्हणून आपल्या कुंभार-मंडळीच्या गुठीचे म्होरके, थकाली, भडकलेत. आपल्याला गुठीतून काढणार म्हणतात. मग घरात कोणी गेलं तर खांदा कोण देणार, तुझे प्राध्यापक?

इकडे सर्व ठीक, असं लिहायची सोय तू ठेवली नाहीस.

तुझा थोरला भाऊ, दाजू,
कृष्णगोपाल

दिल्ली, १४ मंसिर

ती. दाजूंना सा. न.

बाच्या आजारपणाबद्दल मी निनीलाच विचारलं होतं. ती म्हणाली, लिही, खोटं थोडंच आहे? लेख विभागाच्या कपाटात धूळ खात पडेल असं वाटलं होतं, चुकलं माझं. सगळं मी मनानेच रचलं, असं थकालींना लिहून देते. पदवी जाईल, जाऊ दे. निनीला मात्र रागावू नका.

लोभ कमी झाला असेल, तर उरलेला तरी ठेवा.

रोशना

भक्तपूर, १ पौष

चि. रोशना हिला आशीर्वाद.

काही लिहून देऊ नकोस. तुझं पत्र मी निनीला वाचून दाखवलं आणि पस्तावलो. पोरीला खोटं बोलायला लावता का, म्हणून मलाच झापलं. थकाली चौघांना घेऊन आले, तर ही भर दुपारी अंगणात चाकावर बसलेली! काठीने चाक गरगरवलं, मडकं उतरवलं आणि विचारलं, तुमच्या मुलीच्या लग्नात दह्याची मडकी कोणी केली होती, अंथरुणातून माझ्या भावाने? थकाली वाकून मडकं न्याहाळू लागले. शेवटी थकाली म्हणाले, झालं ते झालं, गुठी आहे तशीच राहील.

तेवढ्यावर जायचं ना! जाता जाता म्हणाले, काठ मात्र जाड झालाय.

झालं. तीन दिवस निनी चाकावरून उठलेली नाही. पातळ काठाची सत्तर मडकी झाली, माझ्या कामाला चाक मिळत नाही आणि भात मी शिजवतोय.

सुट्टीत ये, वही तिथेच ठेवून.

तुझा,
कृष्णगोपाल