नळीतल्या मातीबाबत, सोमवारच्या उड्डाणापूर्वी

प्रति,
मा. प्रशिक्षण प्रमुख,
विद्यार्थी सैनिकी वैमानिक पूर्वतयारी केंद्र,
वाणगाव, जि. पालघर.

विषय : सोमवार, दि. १० नोव्हेंबरच्या पहिल्या उड्डाणाचे विमान तपासणी होईपर्यंत जमिनीवर ठेवण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. ४ नोव्हेंबर २०२५ चे आभारपत्र.

महोदय,

१. माझे वडील कै. एकनाथ घोलप आपल्या केंद्रात शिक्षक होते. उड्डाणाआधीच्या प्रशिक्षणाचे सातवे उद्दिष्ट त्यांनी लिहिले : 'विद्यार्थी सदोष विमान ओळखील आणि ते नाकारील.' त्यासाठी ते कोणालाही न सांगता, कोणत्याही दिवशी, विमानात एखादा दोष करून ठेवत. "सर, मी आज उडणार नाही," असे म्हणणाऱ्याला स्वतःच्या डब्यातली गुळपोळी देत. दोष न पाहता चढू लागणाऱ्याला ते रागावत नसत. फक्त त्याच्या घरचा फोन नंबर विचारत.

२. त्यांच्या निधनानंतर हे उद्दिष्ट त्यांच्या नावाने दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनी पार पाडण्याचे आपण ठरवलेत. त्यामागची भावना मी समजते. दि. १ नोव्हेंबरला मी फोटोला हार घातला. परीक्षेची वेळ सूचनाफलकावर होती आणि दोष सर्वांना ठाऊक होता : विमानाचा वेग मोजणाऱ्या नळीवर लाल कापडी आवरण तसेच ठेवले होते. स्वरा या विद्यार्थिनीने ते दाखवून विमान नाकारले. टाळ्या झाल्या. आवरण निघाले तेव्हा मी शेजारीच होते. नळीच्या तोंडात माती होती. आवरण नसताना केव्हातरी कुंभारमाशीने तिथे घर बांधले असणार. बोईसरला आमच्या दाराच्या कुलपात ती दरवर्षी बांधते. ती माती ओळखायला मला वडिलांनीच शिकवले.

३. मी स्वराला ती दाखवली. ती अगदी आदराने म्हणाली, "ताई, ते आजच्यात नाय." मागून कोणीतरी म्हणाले, "सर, ताईंनापण मार्क द्या की!" सगळे हसले. मीही हसले. मग शिक्षकांनी आवरण पुन्हा चढवले.

४. त्याच संध्याकाळी मी आपणास लेखी कळवले. आपण उत्तर दिलेत, की सूचना स्तुत्य असून पुढील वर्षीच्या स्मृतिदिनी 'नळीतील माती' हा दोष समाविष्ट करण्यात येईल; यंदा सातवे उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झाले आहे. नळी कोणी उघडून पाहिली का, याचा पत्रात उल्लेख नाही. फोन केला तेव्हा कार्यालयातून सांगण्यात आले, "मॅडम, विमान नाकारायचा दिवस होऊन गेला. आता थेट पुढच्या वर्षी."

५. नळी बुजली की काटा खरा वेग सांगत नाही. स्वरा काट्यावर विश्वास ठेवायला शिकली आहे, आणि दोष वर्षातून एकदाच असतो हेही. सोमवारी त्याच विमानात पहिली तीच बसणार आहे.

६. तरी ती नळी साफ करून तपासल्याशिवाय विमान हलवू नये, आणि सातव्या उद्दिष्टाला ठरलेली तारीख असू नये, ही विनंती. हे जमणार नसेल तर त्या उद्दिष्टावरून वडिलांचे नाव काढावे. आपल्या सभागृहात त्यांच्या फोटोशेजारी भिंतीवर बरीच जागा मोकळी आहे. ती मोकळीच राहावी.

उत्तराची नव्हे, तपासणीची वाट पाहणारी,

प्रियदर्शिनी एकनाथ घोलप
बोईसर (पूर्व), दि. ७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
(१) आपल्या आभारपत्राची प्रत.
(२) आमच्या कुलपातून काढलेली कुंभारमाशीची माती, कागदाच्या पुडीत. नळीतली मला काढू दिली नाही.